ॲक्सेस 'हो' म्हणतो, तरी फाइल लिहिताना परवानगी का नाकारली जाते?

प्रश्न थोडक्यात असा: रावेरजवळच्या एका केळी खरेदी केंद्रावर लिनक्सचा छोटा सर्व्हर आहे. काट्यावरच्या दिवसभराच्या पावत्या गोळा करून रात्री ९ वाजता पायथनची स्क्रिप्ट /एसआरव्ही/केळी/आज.सीएसव्ही ही फाइल लिहिते. आधी टेम्पफाइल मॉड्यूलने तात्पुरती फाइल बनते, मग ओएस.रिप्लेसने ती जुन्या फाइलच्या जागी बसते. सुरुवातीला ओएस.ॲक्सेसने परवानगी तपासली जाते, उत्तर 'ट्रू' येते आणि पुढच्या दोन ओळींत 'परमिशन डिनाइड'. हाताने चालवली तर बिनतक्रार चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सेवा) अडते. फाइलला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देऊनही फरक पडला नाही. परवानगी तपासायची बरोबर रीत कोणती?

उत्तर (नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन):

भाऊ, तुमच्या फाइलची परवानगी ठीकच आहे. अडलंय ते फोल्डरपाशी. तुम्ही विचारताय एका वस्तूबद्दल आणि काम करताय दुसऱ्याच वस्तूवर.

एररची ओळ शेवटपर्यंत वाचा. 'एररनो १३, परमिशन डिनाइड' (एररनो म्हणजे चुकीचा क्रमांक) इथवर सगळे वाचतात. त्याच्या पुढे अवतरणात जे नाव असतं, तिथे तुमचं निदान लिहिलेलं आहे. तिथे आज.सीएसव्ही नसून /एसआरव्ही/केळी/टीएमपी आणि पुढे आठ विस्कळीत अक्षरं असं काहीतरी असणार. म्हणजे तात्पुरती फाइल बनवतानाच अडलंय, आज.सीएसव्हीपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. लॉगमध्ये फक्त 'परवानगी नाही' असा स्वतःचा संदेश छापत असाल तर तो काढा आणि एक्सेप्शनचे एररनो व फाइलनेम हे दोन्ही गुण छापा. रिप्लेस किंवा रीनेम अडला असेल तर फाइलनेम२ सुद्धा.

लिनक्समध्ये नवी फाइल बनवणे, फाइल पुसणे, नाव बदलणे या तिन्ही गोष्टी फोल्डरच्या परवानगीवर चालतात, कारण फोल्डर म्हणजे शेवटी नावांची वहीच. त्या वहीत खाडाखोड करायची तर वहीवर लिहिण्याचा आणि आत शिरण्याचा, म्हणजे डब्ल्यू आणि एक्स, असे दोन्ही हक्क लागतात. फाइलला ७७७ द्या नाहीतर ००० द्या, वहीला त्याचं काही नाही. खात्री करायची असेल तर स्टॅट ही कमांड -सी आणि '%ए %यू %जी %एन' असा साचा देऊन फोल्डर आणि फाइल दोन्हींवर चालवा. तुमच्या वर्णनावरून चित्र साधारण असं दिसेल:

७५५ विक्री विक्री /एसआरव्ही/केळी
७७७ विक्री भाव /एसआरव्ही/केळी/आज.सीएसव्ही

हाताने चालवताना तुम्ही 'विक्री' या युजरने लॉगिन असता आणि फोल्डर त्याच्याच मालकीचं, म्हणून सगळं सुरळीत. क्रॉनचं काम 'काटा' युजरच्या नावाने चालतं. ७५५ मधले अंक क्रमाने मालक, ग्रुप आणि इतर यांचे; त्याला शेवटचा ५ लागू होतो. वाचा, आत या, पण लिहू नका.

इलाज दोन ओळींचा. 'काटा' हा 'भाव' ग्रुपमध्ये आहे हे आयडी कमांडने पाहून घ्या, मग:

सुडो सीएचजीआरपी भाव /एसआरव्ही/केळी
सुडो सीएचमॉड २७७५ /एसआरव्ही/केळी

पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. या फोल्डरात जी नवी फाइल बनेल तिचा ग्रुप आपोआप 'भाव' राहील, बनवणाऱ्याचा स्वतःचा मुख्य ग्रुप लागणार नाही.

इथे थांबलात तर उद्या सकाळी दुसरी तक्रार येईल. टेम्पफाइल मॉड्यूलचं एमकेएसटेम्प (आणि नेम्डटेम्पररीफाइलही) फाइल ६०० परवानगीने बनवतं, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी. यूमास्क (नव्या फाइलच्या परवानग्या छाटणारं सेटिंग) काहीही असो, ग्रुपचे आणि इतरांचे हक्क तिला मिळत नाहीत. ही फाइल रिप्लेसने आज.सीएसव्हीच्या जागी बसली की नाव जुनं आणि परवानगी नवी, अशी गत होते. जुन्या फाइलचे ७७७, तिचा मालक, तिच्यावरची एसीएल (ठरावीक युजर-ग्रुपसाठीच्या जादा परवानग्यांची यादी) सगळं तिच्यासोबत गेलं. मग भाव दाखवणाऱ्या वेबपेजला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा युजरला, ती वाचता येत नाही, आणि सकाळी शेतकऱ्यांची पट्टी काढायला बसलेला दिवाणजी 'रात्री तर स्क्रिप्ट नीट चालली ना?' म्हणून विचारतो. म्हणून रिप्लेसच्या आधी, फाइल उघडी असतानाच, ओएस.एफसीएचमॉड(एफडी, ०ओ६६४) ही ओळ घाला (एफडी म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक). एफसीएचमॉडवर यूमास्कची कात्री चालत नाही, दिलेला आकडा जसाच्या तसा बसतो. ०ओ विसरू नका. नुसते ६६४ लिहिले तर पायथन तो दशमान आकडा समजतो आणि भलत्याच परवानग्या लागतात.

७७७ बद्दल एकदाच बोलतो. काही अडलं की ७७७ देणं म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून वखारीचं दारच उखडून ठेवणं. आणि फोल्डरला १७७७ देऊन सुटका करून घेऊ म्हणाल तर तेही इथे चालणार नाही. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट. त्यात दुसऱ्याच्या मालकीची फाइल पुसता येत नाही आणि तिच्यावर रिप्लेसही करता येत नाही. तेव्हा एररनो १३ ऐवजी १ येतो, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. पायथन दोन्हींना परमिशनएररच म्हणतो, म्हणून आकडा पाहणं भाग आहे. ढोबळमानाने १३ म्हणजे परवानगीचे बिट किंवा एसीएल आड आली, आणि १ म्हणजे बिट पुरेसे असूनही दुसरा एखादा नियम आड आला: मालकी, स्टिकी बिट, किंवा सीएचॲटरने लावलेला 'आय' झेंडा. तो झेंडा एलएसॲटरने दिसतो, रूटलाही अडवतो, आणि एलएस -एलच्या यादीत कुठेच दिसत नसल्याने माणूस अर्धा दिवस शोधत बसतो.

आता मूळ प्रश्न, तपासायचं कसं.

ओएस.ॲक्सेस(पाथ, मोड) हे सी मधल्या ॲक्सेस या सिस्टम कॉलवरचं पातळ वेष्टन आहे. मोडचे आकडे साधे: आर_ओके ४, डब्ल्यू_ओके २, एक्स_ओके १, आणि फाइल आहे की नाही एवढंच विचारायचं तर एफ_ओके ०. एकत्र विचारायचे तर उभ्या रेघेने जोडा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये विचारायचंच होतं तर फाइलऐवजी फोल्डरला डब्ल्यू_ओके | एक्स_ओके असं विचारायला हवं होतं.

पण या कॉलच्या तीन खोडी आहेत. पहिली, तो 'खऱ्या' युजरच्या नावाने विचारतो, चालू कामाला 'लागू' असलेल्या युजरच्या नावाने नाही. तो बनलाच सेटयूआयडी प्रोग्रामसाठी: प्रोग्राम रूटच्या ताकदीने चाललाय, पण ज्याने चालवला त्या माणसाला स्वतःला हक्क आहे का? रोजच्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही युजर एकच असतात, फरक पडत नाही. पण रूटने सुरू होऊन ओएस.सेटईयूआयडीने खाली उतरणाऱ्या सेवेत ॲक्सेस रूटच्या तोंडाने 'हो' म्हणतो आणि ओपन मात्र साध्या युजरच्या नावाने आपटतो. पायथन ३.३ पासून इफेक्टिव्ह_आयडीज=ट्रू देता येतं, तिथे ते द्याच.

दुसरी खोड रूटची. रूटने वाचण्या-लिहिण्याबद्दल विचारलं तर फाइल ००० असली तरी उत्तर 'हो'च. चालवण्याबद्दल विचारलं तर मात्र तिघांपैकी निदान एकाचा एक्स बिट हवा. म्हणून सुडो लावून स्क्रिप्ट तपासली आणि सगळं हिरवं दिसलं, यातून काहीही सिद्ध होत नाही.

तिसरी खोड जास्त त्रासदायक. 'फॉल्स' आलं तर कारण कळत नाही. फाइलच नाही, वरच्या फोल्डरात शिरता येत नाही, परवानगी नाही, डिस्क फक्त वाचनासाठी जोडलेली आहे, या सगळ्यांचं उत्तर तेच. ओएस.पाथ.एक्झिस्ट्सचंही असंच: वाटेतल्या फोल्डरात शिरता आलं नाही तर ते 'फॉल्स' देतं, आणि लोक असलेली फाइल 'हरवली' म्हणून नवी बनवायला जातात.

शिवाय विचारणं आणि उघडणं यात जो वेळ जातो त्यात परिस्थिती बदलू शकते. एकाच माणसाच्या सर्व्हरवर हा वेळ नगण्य वाटेल. पण कुणालाही लिहिता येईल अशा फोल्डरात, तपासणी झाल्या झाल्या त्या नावाच्या जागी दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवणं हा जुना आणि ओळखीचा हल्ला आहे. सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत तो ३६७ क्रमांकावर आहे. म्हणून सुरक्षेसाठी ॲक्सेस वापरू नये असं त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय.

तेव्हा रीत एकच: विचारत बसू नका, उघडा, आणि नकार आला तर तो नीट वाचा.

ट्राय:
    विथ ओपन(पाथ, 'आर+') ॲज एफ:
        काम(एफ)
एक्सेप्ट फाइलनॉटफाउंडएरर:
    ...
एक्सेप्ट ओएसएरर ॲज ई:
    लॉग(ई.एररनो, ई.फाइलनेम)

यात ओएसएरर मुद्दाम घेतलाय, परमिशनएरर पुरत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइटीचा खेळ चालतो. यूपीएस दमला, सर्व्हर धाडकन बंद पडला, डिस्कवर चूक सापडली की ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम स्वतःला फक्त-वाचन अवस्थेत टाकते (एफएसटॅबमध्ये एरर्स=रीमाउंट-आरओ असेल तर). तेव्हा येतो एररनो ३०, आणि तो परमिशनएररमध्ये बसत नाही. डिस्क भरली तर एररनो २८: ॲक्सेस 'हो', ओपनही 'हो', आणि लिहिताना किंवा थेट बंद करताना नकार. कुठलीही आगाऊ तपासणी हे पकडत नाही.

'आर+' का घेतला तेही सांगतो, कारण इथे डेटा जातो. लिहिता येतं का बघायला 'डब्ल्यू' ने फाइल उघडून बंद करणारे महाभाग आहेत. 'डब्ल्यू' ने उघडताक्षणी फाइल शून्य बाइटची होते, एक अक्षरही लिहिलं नाही तरी. दिवसभराच्या पावत्या गेल्या. असलेली फाइल लिहिण्यासाठी उघडते का एवढंच पाहायचं तर 'आर+': तो मजकुराला हात लावत नाही आणि फाइल नसेल तर नवी बनवत नाही. 'ए' सुद्धा मजकूर राखतो, पण फाइल नसली तर रिकामी बनवून ठेवतो. नवीच बनवायची आणि आधीची असेल तर थांबायचं, यासाठी 'एक्स' आहे. आधी एक्झिस्ट्स विचारून मग 'डब्ल्यू' करण्याऐवजी हा एकच मोड पुरतो.

/टीएमपी मध्ये आणखी एक गंमत होते. दुसऱ्याच्या मालकीची ६६६ ची फाइल आहे, ॲक्सेस 'हो' म्हणतो, पण 'डब्ल्यू' किंवा 'ए' ने उघडली की एररनो १३, तेही रूटला! हे एफएस.प्रोटेक्टेड_रेग्युलर या कर्नल सेटिंगचं काम. लिनक्स ४.१९ पासून ते आहे आणि अनेक वितरणांत चालूच असतं. स्टिकी आणि सर्वांना खुल्या फोल्डरात 'नसेल तर बनव' अशा विनंतीने दुसऱ्याची फाइल उघडू द्यायची नाही, असा त्याचा नियम. कामाच्या फाइली /टीएमपी मध्ये ठेवू नका, विषय संपला.

काही जण ओएस.स्टॅटने एसटी_मोड घेऊन बिट स्वतः मोजतात. फाइलवर कोणते बिट आहेत हे दाखवायला ते ठीक, पण 'मला चालेल का' हे त्यावरून ठरवू नका. कर्नल आधी पाहतो तुम्ही मालक आहात का. असाल तर फक्त मालकाचे तीन बिट. नसाल आणि ग्रुपमध्ये असाल तर फक्त ग्रुपचे. दोन्हींत नसाल तरच इतरांचे. मालक म्हणून अडवलेला माणूस 'इतर' म्हणून मागच्या दाराने आत येऊ शकत नाही: ०४४ च्या फाइलचा मालक ती वाचू शकत नाही, बाकी सगळं गाव वाचू शकतं. हाताने मोजणारे बहुतेक तिन्ही ठिकाणचे बिट एकत्र करून पाहतात आणि चुकतात. वर एसीएल असेल तर आकड्यातला मधला अंक ग्रुपचा राहतच नाही, तो मास्क असतो. एलएस -एलच्या ओळीत परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की गेटएफएसीएल चालवा.

वाटेतलं एकही फोल्डर विसरू नका. आतल्या खोलीची किल्ली खिशात आहे पण फाटकालाच कुलूप, असं फार होतं. नेमआय -एल /एसआरव्ही/केळी/आज.सीएसव्ही असं चालवलं की मुळापासून प्रत्येक पायरीचे मालक, ग्रुप आणि बिट एकाखाली एक दिसतात. 'काटा'ला ज्या पायरीवर एक्स नाही, तिथे अडतं. उबुंटूत २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० ने बनतं. जुन्या ट्यूटोरियलप्रमाणे होममध्ये ठेवलेल्या फाइली वेबसर्व्हरला दिसत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

'काटा'ला नुकताच ग्रुपमध्ये घातला असेल तर एक बारकावा: क्रॉन प्रत्येक कामाच्या वेळी ग्रुपची यादी नव्याने घेतो, त्यामुळे त्याला अडचण नाही. पण जी सेवा आधीपासून चालू आहे तिच्या खिशात जुनीच यादी असते, ती रीस्टार्ट करावी लागते. आणि उघड्या टर्मिनलमधून बाहेर पडून पुन्हा लॉगिन व्हावं लागतं. चालू प्रोसेसकडे नक्की कोणते ग्रुप आहेत ते /प्रोक/पीआयडी/स्टेटस मधल्या 'ग्रुप्स' ओळीत दिसतं. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) खालची सेवा असेल तर तिच्या युनिट फाइलमध्ये प्रोटेक्टसिस्टम, प्रोटेक्टहोम आणि रीडराइटपाथ्स पाहा. तिथे सगळी बिट बरोबर असूनही नकार येतो. रेडहॅट घराण्यात एसईलिनक्स, म्हणजे बिटांवरचा आणखी एक सुरक्षा-पहारा, असेल तर एलएस -झेड आणि ऑसर्च -एम एव्हीसी चालवून पाहा.

मग ॲक्सेस कधी वापरायचा? ९ वाजता आपटण्यापेक्षा स्क्रिप्ट सुरू होतानाच सांगायचं असेल की 'फोल्डर लिहिण्याजोगं नाही', तेव्हा. किंवा पडद्यावर 'जतन करा' बटण फिकं दाखवायचं असेल तेव्हा. पण तिथेही खात्रीची चाचणी म्हणजे टेम्पफाइल.टेम्पररीफाइल(डीआयआर='/एसआरव्ही/केळी') उघडून दोन बाइट लिहून बंद करणं. फाइल मागे उरत नाही, आणि फोल्डरची परवानगी, फक्त-वाचन डिस्क, सिस्टमडीची कुंपणं सगळ्यांची एकदम परीक्षा होते.

दिवाणजींच्या विंडोजवर हीच स्क्रिप्ट चालवणार असाल तर नियम वेगळे. तिथे ओएस.ॲक्सेस डब्ल्यू_ओके साठी फाइलचा फक्त-वाचन गुण पाहतो, एनटीएफएसच्या एसीएलकडे ढुंकूनही बघत नाही. फोल्डरसाठी तर उत्तर कायम 'ट्रू', म्हणजे निरुपयोगी. आणि विंडोजवर परमिशनएरर आला की पहिल्यांदा परवानगी नाही, एक्सेल बघा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडी असली की ओपनला एररनो १३ येतो, रिमूव्ह किंवा रिप्लेसला विनएरर ३२ किंवा ५. फाइलऐवजी चुकून फोल्डरचा पाथ दिला तरीही तिथे १३च येतो. लिनक्स निदान 'हे फोल्डर आहे' असं वेगळं सांगतो.

बाकी भाषांत फार फरक नाही. पीएचपीचं इज_रायटेबल एकदा मिळालेलं उत्तर त्या रिक्वेस्टपुरतं लक्षात ठेवतं, परवानगी बदलून पुन्हा विचारायचं तर आधी क्लिअरस्टॅटकॅश. पर्लमध्ये छोटा -डब्ल्यू लागू युजरबद्दल विचारतो, मोठा खऱ्या युजरबद्दल. जावात फाइल.कॅनराइटपेक्षा जावा ७ पासूनचं फाइल्स.इजरायटेबल बरं, पण मिळालेलं उत्तर त्याच क्षणी शिळं होतं हे तिथल्या दस्तऐवजातही लिहिलेलं आहे.

आज रात्री ९ च्या आधी हे करा. फोल्डरचे दोन बदल झाले की सुडो -यू काटा टेस्ट -डब्ल्यू /एसआरव्ही/केळी चालवून लगेच एको $? पाहा. ० हवा. तसंच -एक्स चं. मग संपूर्ण स्क्रिप्ट सुडो -यू काटाने एकदा चालवा, तुमच्या स्वतःच्या लॉगिनने नको. शेवटी सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हेड -एन १ /एसआरव्ही/केळी/आज.सीएसव्ही. पावत्यांची पहिली ओळ दिसली तर काम झालं. 'परमिशन डिनाइड' दिसलं तर एफसीएचमॉडची ओळ रिप्लेसच्या वर आहे की खाली ते बघा. खाली असेल तर तोवर फाइल बंद झालेली असते, आणि बंद एफडीवर ती ओळ एररनो ९ देऊन पडते, फाइल मात्र ६०० चीच राहते.